घरकाम हा अभ्यासक्रम नव्हता

मेरी लायनने अमेरिकेत काढलेल्या माउंट होल्योक सेमिनरी या मुलींच्या निवासी शाळेत मुलींना गृहिणी बनवण्यासाठी घरकाम करायला लावत, असं काही जण म्हणतात. ते खरं नाही. घरकाम शिकवणं हे आईचं काम, शाळेचं नाही, अशीच लायनची भूमिका होती. तिथे मुख्य प्रश्न फीचा होता.

८ नोव्हेंबर १८३७ला मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ हॅडलीत शाळा सुरू झाली तेव्हा राहणं, जेवण आणि शिक्षण मिळून वर्षाला ६० डॉलर पडत. नोकर ठेवले असते तर हे जमलं नसतं. म्हणून प्रत्येकीकडे रोज तासभराचं ठरलेलं काम असे. १८४७-४८मध्ये तिथे शिकलेल्या कवयित्री एमिली डिकिन्सनकडे सुऱ्यांचं काम होतं: सकाळी आणि दुपारी टेबलांवरच्या सुऱ्या उचलायच्या, रात्री धुऊन पुसायच्या.

त्याआधीच्या मुलींच्या शाळा बहुधा एकेका शिक्षिकेच्या जिवावर चालत. ती आजारी पडली किंवा लग्न करून गेली की शाळा बंद. लायनने विश्वस्त मंडळ नेमलं, १८३६मध्ये सनद (शाळेला सरकारची कायदेशीर मान्यता) मिळवली, गावोगाव फिरून देणग्या जमवल्या. काही देणग्या तर अवघ्या सहा सेंटच्या! माझ्या मते तिचं खरं मोठेपण इथे आहे.

एक बाजू मात्र खटकते. शिक्षिकांचे पगार फारच कमी होते. स्वतः लायन वर्षाला २०० डॉलर घेई. मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या कॅथरीन बीचरने तेव्हाच यावर आक्षेप घेतला होता आणि तो मला पटतो.