शेवटच्या घासावरचा आळ : अन्नातून झालेल्या बाधेचे अनुभव

पोट बिघडले की संशय सर्वात आधी शेवटच्या जेवणावर जातो आणि पुष्कळदा ते जेवण निर्दोष निघते. म्हणूनच या धाग्यासाठी अनुभव मागवताना विनंती केली होती की काय खाल्ले एवढेच न सांगता त्रास किती वेळाने सुरू झाला, कारण कसे कळले आणि त्यानंतर घरात काय बदलले, हेही लिहावे. औषधांची नावे सुचवू नयेत, असेही सांगितले होते. आलेल्या अनुभवांपैकी काही पुढे देत आहे.

वसतिगृहात राहणारा विद्यार्थी

रात्रीचा भात मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावरच राहिला होता. सकाळी तो चांगल्या वाफा येईपर्यंत परतला. वासातही काही वावगे नव्हते. खाऊन दोन-अडीच तास होतात न होतात तोच एकापाठोपाठ एक सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. ताप कोणालाच नव्हता आणि संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले. इतका गरम केलेला भात कसा बाधला, याचे उत्तर डॉक्टरांकडून मिळाले. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपे, भात शिजतानाही तग धरतात, भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजून वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने जिवाणू मेले तरी ते विष तसेच राहते. आता उरलेला भात आम्ही पसरट ताटात काढून लवकर निववतो आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवतो.

एक बहीण, भावाविषयी

धाकट्या भावाला ताप, पोटात कळा आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले, तेव्हा आदल्या रात्री आम्ही जिथे जेवलो होतो त्या उपाहारगृहाला घरातल्या सर्वांनी यथेच्छ नावे ठेवली. शौचाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. डॉक्टर म्हणाले, "कालचे सोडा, तीन-चार दिवसांपूर्वीचे आठवा." हा जिवाणू बहुतेकदा कच्च्या कोंबडीतून येतो हे ऐकून आम्ही चक्रावलो, कारण भाऊ शाकाहारी आहे. मग आठवले की त्या दिवशी सिंकमध्ये कोंबडी धुतली जात होती आणि सिंकच्या काठाशीच चाळणीत सॅलडची पाने निथळत होती. नळाची धार मांसावर आपटली की बारीक तुषार चहूकडे उडतात. ते दिसत नाहीत आणि पानांवर आधीच पाणी असल्यामुळे कळायला मार्गही नसतो. कोंबडी नीट शिजली, पाने मात्र कच्चीच वाढली गेली आणि त्यांचा मोठा वाटा भावाच्या ताटात गेला. तो बरा झाल्यावरही, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला तर ताबडतोब या, असे डॉक्टरांनी बजावले होते, कारण या संसर्गानंतर क्वचित गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांना दुबळे करणारा आजार होतो. आमच्याकडे आता कच्चे मांस धुतले जात नाही. शिजताना आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसची उष्णता पोहोचली की जंतू मरतात, ते काम पाण्याने होत नाही.

संयोजक

येथे थोडी भर घालतो. स्टॅफिलोकोकस या पिकलेल्या जखमांत आढळणाऱ्या जिवाणूचे किंवा वर सांगितलेले भातातील विष अर्ध्या तासापासून काही तासांत त्रास देते. इतर जिवाणूंपैकी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला ६ ते २४ तास, साल्मोनेलाला ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत, तर कॅम्पिलोबॅक्टरला साधारण २ ते ५ दिवस लागतात. निव्वळ उलट्या असतील तर घड्याळ थोडेच मागे न्यावे. ताप आणि जुलाब असतील तर दिनदर्शिका पाहावी लागते.

समारंभांचा स्वयंपाक करणारे एक गृहस्थ

एका कामगाराच्या बोटावरची पिकलेली जखम आणि त्याच हाताने कालवलेले सँडविचचे सारण, एवढे निमित्त लोकांना बाधा व्हायला पुरले. चव, रंग, वास यांपैकी कशातही फरक नव्हता. हातमोज्यांपेक्षा मला महत्त्वाचा वाटणारा नियम असा की अशा माणसाला जखम भरेपर्यंत अन्नाला हात लावू देऊ नये आणि त्याची मजुरीही कापू नये. कापली तर पुढच्या वेळी तो जखम लपवणारच.

एक आई

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मला ताप आला आणि अंग दुखू लागले. जुलाब नव्हते, त्यामुळे अन्नाचा विचारच कोणाच्या मनात आला नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये लिस्टेरिया निघाला. शिरेतून औषधे वेळेवर मिळाली आणि बाळ सुखरूप जन्मले. गेल्या दोन महिन्यांतील खाण्याची यादी मला विचारली गेली. ती कोण सांगू शकणार? पाश्चरीकरण न केलेल्या दुधाच्या मऊ चीजवर संशय राहिला, पुरावा मिळाला नाही. फ्रिजमध्ये ठेवलेले सारे सुरक्षित, ही माझी समजूत मात्र गेली, कारण हा जिवाणू ४ अंशांवरही सावकाश वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये खाण्यास तयार मिळणाऱ्या प्रक्रियायुक्त मांसातून त्याची मोठी साथ पसरली होती. हजाराहून अधिक रुग्ण झाले आणि त्यांत नवजात बालकांचे प्रमाण फार मोठे होते.

बालरोग विभागातील परिचारिका

नातेवाइकांची पहिली मागणी जुलाब थांबवणाऱ्या गोळीची असते. शौचातून रक्त पडत असेल तर ती मागणी धोक्याची आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या ओ१५७ या प्रकारात काही मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, तीही अनेकदा जुलाब ओसरत आल्यावर. मूल पांढरेफटक दिसू लागले किंवा लघवी कमी झाली, तर 'जुलाब तर थांबले' म्हणून घरी बसू नये. ओआरएसची पूड पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावी. आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यात बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात.

एक वाचक

हे सर्व वाचून भीती वाटते. आमच्या घरी कच्चे दूध आणि मोडाची कडधान्ये वर्षानुवर्षे खाल्ली जातात, कोणालाही काही झालेले नाही.

प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ

आपल्याला काही झाले नसेल हे मान्य आहे, कारण प्रत्येक पेल्यात रोगजंतू नसतात. मात्र ज्या पेल्यात असतात तो वेगळा दिसत नाही. पाश्चरीकरणाला ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. मोडांची गोष्ट निराळी आहे, कारण बी रुजायला लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते. जर्मनीत २०११ साली ई. कोलायची साथ आली, तेव्हा आधी काकड्यांवर आळ आला आणि नंतर मेथीच्या बियांचे मोड कारणीभूत असल्याचे आढळले. ३८०० हून अधिक लोक आजारी पडले होते. मोड वाफवून खाल्ले तर वादच उरत नाही.

आमच्या कामाच्या दृष्टीने आणखी एक सांगतो. संशयित अन्न राहिले असेल तर ते फेकू नये. स्वच्छ डब्यात घालून, तारीख आणि वेळ लिहून, इतर पदार्थांपासून वेगळे फ्रिजमध्ये ठेवावे. शौचाचा नमुना शक्यतो प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा, कारण त्यानंतर कल्चरमध्ये जिवाणू उगवण्याची शक्यता बरीच कमी होते.