ॲडम गुड्सने हॉल ऑफ फेम नाकारला, आणि मला ते पटतं

यारातीरी (मेलबर्न)

ॲडम गुड्स, सिडनी स्वान्स, जर्सी क्रमांक ३७. १९९९ ते २०१५ एकाच क्लबकडून ३७२ सामने, ४६४ गोल. ब्राउनलो मेडल, म्हणजे पंचांच्या मतांवर ठरणारा मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, दोनदा: २००३ साली नेथन बकली आणि मार्क रिचूटो यांच्यासोबत विभागून, २००६ साली एकट्याला. २००५ आणि २०१२ च्या विजेत्या संघांत तो होता. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, इथल्या बोलीत फूटीत, एवढी कारकीर्द असलेली माणसं मोजकीच. तरी लीगच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याचं नाव नाही. २०२१ मध्ये तो पात्र ठरला, तेव्हा त्याने नको म्हणून कळवलं.

ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. फूटीत पंच मधल्या वर्तुळात चेंडू उंच उडवतो (गुड्सच्या काळी जमिनीवर आपटून) आणि दोन्ही बाजूंचे उंच गडी, म्हणजे रकमन, उडी मारून तो आपल्या माणसांकडे थोपटतात. रकमनचं काम साधारण तिथे संपतं. गुड्स रकमध्ये उभा राहिला की स्वतःहून उंच गड्याशी हवेत भिडायचा, आणि पाय जमिनीला टेकताच मिडफिल्डरसारखा त्याच चेंडूमागे सुटायचा. वय वाढल्यावर तो पुढच्या फळीत गेला, तर २००९ ते २०११ सलग तीन वर्षं संघाचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. २०१२ च्या फायनलमध्ये गुडघ्याचा लिगामेंट दुखावलेला असताना मैदान सोडलं नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल केला आणि स्वान्सनी हॉथॉर्नला १० गुणांनी हरवलं.

गुड्स ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजाचा. अशा माणसाला शेवटची दोन-तीन वर्षं देशभरच्या मैदानांवर हुर्यो ऐकावी लागली. २४ मे २०१३ ला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी राखलेल्या फेरीत, कुंपणापलीकडून त्याला ‘एप’, म्हणजे माकड, म्हटलं गेलं. तो थांबला, बोट दाखवलं, सुरक्षारक्षकांना सांगितलं. बोलणारी तेरा वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी त्याने पत्रकारांना सांगितलं की तिला दोष देऊ नका, तिला आधाराची गरज आहे. २०१४ च्या जानेवारीत तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला आणि वंशद्वेषाबद्दल उघड बोलू लागला. हुर्यो वाढली. लीग बघत राहिली. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला, पण निवृत्त खेळाडूंना फायनलच्या दिवशी जी मानाची फेरी मिळते तिला गेला नाही.

२०१९ मध्ये, त्याच्यावरचा माहितीपट प्रदर्शित होण्याच्या तोंडावर, लीग आणि अठराही क्लबांनी जाहीर माफी मागितली. माफी मागणाऱ्याने मागावी. पण ती मागितली म्हणून समोरच्याने येऊन हार घालून घ्यावा, ही अपेक्षा मला मान्य नाही. त्याला जे बोलायचं होतं ते या नकाराएवढं स्पष्ट दुसऱ्या कशाने झालं नसतं. तुम्हाला काय वाटतं?

पेठकर

धागाकर्त्यांचा आदर ठेवून, साफ असहमत.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालीम मंडळांच्या ईर्ष्येच्या मॅचला शाहू स्टेडियमवर या एकदा. समोरच्या पेठेचा हुकमी खेळाडू असला की त्याच्या पायात बॉल जाताच स्टँड उठतो. जो चांगला खेळतो त्याचीच हुर्यो उडते, सुमार गड्याकडे कोण लक्ष देतंय? मेलबर्नला राहणारा माझा मावसभाऊ कॉलिंगवूडचा कट्टर समर्थक आहे. तो सांगतो की गुड्सबद्दल राग होता तो फ्री किकसाठी पडण्याचा आणि गुडघे पुढे करून घसरत येण्याचा. हजारो लोक एकाच कारणासाठी ओरडत होते हे कुणी मोजलं?

दुसरं असं की हॉल ऑफ फेम आजच्या पदाधिकाऱ्यांच्या मालकीचा नाही. पन्नास वर्षांनी एखादं पोरगं ती यादी वाचेल तेव्हा हे अधिकारी कुणाला आठवणार? गुड्सचं नाव मात्र तिथे नसेल. ज्यांनी त्याला त्रास दिला त्यांचं यात काय गेलं? गेलं ते त्या पोराचं.

मूळची नाशिकची (पर्थ)

पेठकर दादा, पहिल्या मुद्द्याला उत्तर देते, कारण मी ती हुर्यो प्रत्यक्ष ऐकली आहे. जुलै २०१५, सुबियाको ओव्हल, वेस्ट कोस्ट विरुद्ध सिडनी. मी वेस्ट कोस्टची समर्थक, आजही आहे.

हुर्यो मला नवी नव्हती. पंचाने वाईट निर्णय दिला, कुणी धसमुसळेपणा केला, की लोक ओरडतात आणि पुढचा खेळ सुरू झाला की विसरतात. त्या दिवशीचं वेगळं होतं. चेंडू गुड्सकडे गेला की आवाज चढायचा, त्याने पास दिला की तुटायचा. त्याने काही केलेलं नसायचं. साधा चेंडू झेलला, मागे वळून हँडबॉल, म्हणजे मुठीने ठोसून पास, केला तरी तेच. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते आणि ते पोर आजोबांकडे बघून, त्यांच्यासारखंच, तोंडाचा चंबू करून ओरडायला शिकत होतं. त्या पोराला फ्री किकचा नियम ठाऊक असणार होता का?

सिडनीच्या लुईस जेट्टाने गोल केला आणि गुड्सच्या बाजूने उभं राहत आदिवासी युद्धनृत्य केलं. गुड्सने स्वतः मेमध्ये कार्ल्टनविरुद्ध असंच नृत्य केलं होतं, सोळा वर्षांखालच्या आदिवासी मुलांच्या संघाकडून शिकलेलं. हवेत भाला फेकल्याचा अभिनय, बस्स. त्यावर आठवडाभर वाद घातला गेला की ते ‘आक्रमक’ होतं. न्यूझीलंडचे रग्बीवाले ‘हाका’ हे माओरी युद्धनृत्य करतात तेव्हा हेच लोक मोबाइल काढून शूटिंग करतात.

आणि तारखा बघा. फ्री किकसाठी पडतो हा आक्षेप खरा मानला तरी तो २००३ पासून खेळतोय तसाच खेळत होता. दहा वर्षं देशभर अशी हुर्यो उडाली नाही. ती सुरू झाली त्याने बोट दाखवल्यानंतर आणि वाढली तो बोलायला लागल्यानंतर.

पेठकर

ताई, तुम्ही तिथे होतात, मी नव्हतो. तुमचं ऐकून घेतो. तारखांचा मुद्दा वजनदार आहे. तरी ओरडणारा प्रत्येक माणूस वंशद्वेष्टा होता असं मी म्हणणार नाही. स्टँडमध्ये शेजारचा ओरडला की आपला गळा आपोआप उघडतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

मूळची नाशिकची (पर्थ)

प्रत्येक जण होता असं मीही म्हणत नाही. पण ज्याच्यावर तो आवाज कोसळतो त्याला प्रत्येक गळ्याची चौकशी करत बसता येत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात तो खेळलाच नाही.

जुना फिरकीवाला (डोंबिवली)

मी फूटी फारशी पाहत नाही, पण या गोष्टीची एक बाजू आपल्याकडून जाते म्हणून लिहितो.

जानेवारी २०२१, सिडनी कसोटी. प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली तेव्हा मोहम्मद सिराजने खेळ थांबवला, कप्तान अजिंक्य रहाणे त्याला घेऊन पंचांकडे गेला. काही प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं. रहाणेने मैदान सोडलं नाही, पण गप्पही बसला नाही. हे त्याच सिडनी क्रिकेट ग्राउंडवर घडलं जिथे गुड्स घरचे सामने खेळला. २०१३ मध्ये गुड्सने बोट दाखवलं तेव्हा ‘खेळाडूने दुर्लक्ष करावं’ म्हणणारे बरेच होते. सिराजच्या वेळी खेळ थांबला आणि त्याला कुणी रडका म्हणालं नाही. वाट कुणी पाडली हे विसरू नये.

आता माझा विरोध. त्याआधी दोनच आठवडे, मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत, रहाणेने ११२ धावा केल्या आणि सामनावीराचं पहिलं मुलाघ मेडल त्याला मिळालं. जॉनी मुलाघ हा १८६८ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या आदिवासी संघाचा सर्वात गुणी खेळाडू. परदेशात खेळायला गेलेला ऑस्ट्रेलियाचा तो पहिलाच क्रिकेट संघ. त्याआधी, १८६६ च्या बॉक्सिंग डेला, हे खेळाडू मेलबर्न ग्राउंडवर उतरले तेव्हा त्यांचा कप्तान आणि प्रशिक्षक होता टॉम विल्स, म्हणजे १८५९ मध्ये फूटीचे पहिले नियम लिहिणाऱ्यांतला एक. म्हणजे त्या खेळाच्या जन्मापासून ही माणसं त्याच्या अवतीभवती आहेत. तरी मुलाघचं नाव माझ्यासारख्या क्रिकेटवेड्याने पहिल्यांदा ऐकलं ते रहाणेच्या गळ्यात मेडल पडलं तेव्हा. दीडशे वर्षांनी! नाव कुठेतरी अधिकृतपणे कोरलेलं असलं की एवढा उशीर होत नाही. म्हणून वाटतं, गुड्सने तो मान घ्यायला हवा होता. संस्थेसाठी नको, नावासाठी.

अनुस्वार

वरच्या प्रतिसादाला जोडून. निकी विनमारचं काय म्हणाल? १७ एप्रिल १९९३, व्हिक्टोरिया पार्क. कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांनी दिवसभर शिव्या घातल्या, त्याचा सेंट किल्डा संघ जिंकल्यावर त्याने जर्सी वर उचलून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं. तो फोटो आज या खेळातला सर्वात प्रसिद्ध फोटो असेल. पर्थच्या स्टेडियमबाहेर २०१९ पासून त्याचा पुतळाही आहे. दोनशे सामने खेळणारा तो पहिला आदिवासी खेळाडू. २०२२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणजे गुड्सच्या नकारानंतर वर्षभराने. विनमारने कमी सोसलं होतं का? त्याने मान घेतला म्हणून त्याचा लढा पातळ झाला का?

यारातीरी (मेलबर्न)

विनमारचा मुद्दा वर येणारच होता, आणि तो या चर्चेतला सर्वात अवघड प्रश्न आहे. त्याने मान घेतला याचा मला आनंद आहे. पण दोघांच्या बाबतीत लीगचं वागणं वेगळं होतं. विनमारच्या काळी मैदानावरच्या वांशिक शिवीगाळीबद्दल नियमच नव्हता. तो आला १९९५ मध्ये, एसेंडनच्या मायकल लाँगने ॲन्झॅक डेच्या सामन्यानंतर तक्रार लावून धरली म्हणून. गुड्सच्या वेळी नियम होता, आदिवासी खेळाडूंच्या नावाची खास फेरी होती, कार्यशाळा होत्या. सगळं हाताशी असताना लीगच्या वरिष्ठांना या हुर्योला वंशद्वेष म्हणायला महिने लागले. आपण आधीच पावलं उचलायला हवी होती असं मुख्याधिकारी म्हणाले ते २०१६ मध्ये, माणूस घरी गेल्यावर.

आणि २०२१ चं वर्ष आठवा. त्याच फेब्रुवारीत कॉलिंगवूडमधल्या वंशद्वेषाचा अहवाल फुटला आणि क्लबच्या अध्यक्षांनी त्या दिवसाला ‘ऐतिहासिक आणि अभिमानाचा’ म्हटलं. आठवडाभरात त्यांना पद सोडावं लागलं. हेच अध्यक्ष २०१३ मध्ये गुड्सची माफी मागायला ड्रेसिंग रूममध्ये गेले होते आणि काही दिवसांनी रेडिओवर त्याचं नाव किंग काँगशी जोडून बसले होते. आणि त्याच वर्षी त्याच खेळाकडून सत्काराचं बोलावणं. तुम्ही गेला असतात?

फिरकीवाल्या काकांचं नाव कोरण्याबद्दलचं म्हणणं मनाला लागलं. पण मुलाघला विचारलंच कुणी नव्हतं. त्याचं नाव इतरांनी विसरायचं ठरवलं आणि इतरांनीच आठवायचं ठरवलं. गुड्सला विचारलं गेलं, आणि त्याने उत्तर दिलं. मला हा फरक मोठा वाटतो.

जुना फिरकीवाला (डोंबिवली)

फरक आहे, मान्य. पण उत्तर देणारा माणूस एक आणि त्याच्यामागे येणारे शेकडो. डग निकोल्स कार्ल्टनमध्ये गेला तर त्याच्या रंगावरून त्याला तिथे टिकू दिलं नाही, मग तो फिट्झरॉयकडून खेळला, पुढे साऊथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. आज ती खास फेरी त्याच्याच नावाने होते. आत राहूनच त्या खेळावर त्याचं नाव चढलं. बाहेर राहून चढलं असतं का, याची मला शंका आहे.

मूळची नाशिकची (पर्थ)

काका, गुड्स बाहेर राहून रिकामा बसलेला नाही. स्वान्समधला सहकारी मायकल ओलॉफलिन याच्याबरोबर त्याने २००९ मध्ये, म्हणजे खेळत असतानाच, ‘गो फाउंडेशन’ काढलं. आदिवासी मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, शाळेपासून विद्यापीठापर्यंत. त्याच्या आईला लहानपणी सरकारने घरच्यांपासून तोडलं होतं, त्या पिढीतली ती. तिच्या मुलाने दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत टिकवायचं काम हाती घेतलं. नाव कोरायचंच असेल तर मला ते तिथे कोरलेलं जास्त आवडेल.

पेठकर

फाउंडेशनचं ठाऊक नव्हतं, वाचतो. पण माझा मुद्दा मी सोडत नाही. खेळाडूचं नाव खेळाच्या यादीत हवं. ३७२ सामने त्याने शिष्यवृत्तीच्या कार्यालयात नाही, मैदानावर काढले आणि ते त्याच्या घामाचे आहेत, लीगच्या मेहरबानीचे नाहीत. लीगवरचा राग लीगवर काढावा, स्वतःच्या सामन्यांवर नको.

आणि यारातीरी, एक विचारायचं राहिलं. उद्या लीगने त्याला न विचारता नाव जाहीर केलं तर तुम्ही कुठल्या बाजूला?

यारातीरी (मेलबर्न)

त्याच्या बाजूला. त्याला न विचारता केलेली कुठलीही गोष्ट २०१५ चीच पुढची पायरी ठरेल. आणि त्याने स्वतःहून हो म्हटलं, तर मी तिकीट काढून तो सोहळा बघायला जाईन, आणि पेठकर, तुमच्या कॉलिंगवूडवाल्या मावसभावालाही सोबत नेईन.