मदत हवी आहे: कुऱ्हा गाव रिपोर्टमध्ये दोनदा येतंय, डेटाबेसचा बग आहे का माझाच घोळ?

केळीवाला_भाचा:

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले डोकं चालेना म्हणून इथे टाकतोय, जरा लांबलंय पण वाचा.

रावेर तालुक्यात मामांचा केळी भरायचा धंदा आहे, म्हणजे बागेत कापणी, काट्यावर वजन, गाडी भरून रवाना आणि मग शेतकऱ्याला पट्टी (हिशोबाची चिठ्ठी आणि पैसे). आधी सगळं वहीत होतं, मग एक्सेलमध्ये आलं, मागच्या वर्षी मी पीएचपी आणि मायएसक्यूएल घेऊन छोटं सॉफ्टवेअर करून दिलं. मी काही मोठा प्रोग्रॅमर नाही, व्हिडिओ बघून बघून शिकलेलो. सहा महिने माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं. मग मामा म्हणे तू परीक्षेला गेला की आमचं काम थांबतं, ऑफिसच्या पीसीवर टाकून दे. टाकून दिलं. तिथून हे सुरू झालं.

गाववार रिपोर्ट काढला की कुऱ्हा दोनदा येतंय (काकोड्याचं कुऱ्हा, भुसावळकडचं पानाचं कुऱ्हे नाही, ते वेगळं आहे आणि ते बरोबर येतंय). एका ओळीत ३१ शेतकरी, दुसऱ्या ओळीत १२. अक्षर न् अक्षर सारखं, झूम करून बघितलं, प्रिंट काढून बघितलं, काही फरक नाही. गावाच्या नावावर युनिक की (एकच नाव दोनदा घेऊ न देणारा नियम) लावलेली आहे तरी दोन! मग युनिकचा अर्थ काय राहिला? केळीच्या भावाच्या टेबलात बऱ्हाणपूरचं पण तसंच, काही दिवसांचा भाव लागतो, काही दिवसांचा रिकामा येतो.

आणि दुसरं म्हणजे गाववार रिपोर्टची बेरीज आणि काट्याची एकूण बेरीज जुळत नाही, १८६ क्विंटल कमी येतंय. मामांना वाटतंय कुणीतरी हात मारतंय. घरात वातावरण टाइट आहे.

मला आधी वाटलं लाइट जाते सारखी, या उन्हात इन्व्हर्टर पण दम सोडतो, त्यात टेबल करप्ट झालं असेल. चेक टेबल मारलं तर ओके म्हणतंय. लॅपटॉपवरच्या जुन्या कॉपीत कुऱ्हा एकच आहे. आता सांगा हा बग आहे का?

शेवभाजी_धुळे:

हाई काय शे भो, एकच गाव दोनदा! पुढे किंवा मागे स्पेस पडली असेल, ट्रिम मारून अपडेट कर आणि मोकळा हो. आमच्याकडे कापसाच्या जिनिंगवर हाच प्रॉब्लेम होता.

केळीवाला_भाचा:

भाऊ ट्रिम मारून झालं, काहीच नाही झालं. झिरो रोज अफेक्टेड, म्हणजे एकही ओळ बदलली नाही.

तापीकाठ:

बग नसावा, पण आधी तीन गोष्टी सांग. ऑफिसच्या पीसीवर सुटं मायएसक्यूएल आहे का झॅम्पवालं (पीएचपी, डेटाबेस सगळं एकत्र येतं ते पॅकेज)? दोन्ही मशीनवर गावाच्या कॉलमचं कोलेशन (कोणती अक्षरं सारखी धरायची त्याचा नियम) काय आहे? आणि दोन्ही कुऱ्हाचं कॅर लेंग्थ (किती अक्षरं) आणि हेक्स (अक्षरांचे आतले कोड) काढून इथे टाक. डोळ्यांवर भरवसा ठेवू नको, स्क्रीनवर सारखं दिसतं ते आत सारखं असतंच असं नाही.

केळीवाला_भाचा:

दादा, लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८, ऑफिसात झॅम्प. व्हर्जन बघितलं तर तिथे मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला वेगळा डेटाबेस) लिहून येतंय, मी इतके दिवस मायएसक्यूएलच समजत होतो कारण पॅनलवर तेच नाव आहे.

लॅपटॉपवर यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय, ऑफिसात यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय. आता आठवलं, डम्प (सगळ्या डेटाची फाइल) तिकडे चढवताना अननोन कोलेशन अशी १२७३ नंबरची एरर आली होती, मग नेटवर कुणीतरी सांगितलं होतं तसं नोटपॅडमध्ये सगळीकडे फाइंड-रिप्लेस करून जनरल सीआय केलं आणि चढवलं. अजून एक १०६२ डुप्लिकेट एंट्रीची एरर आली होती, सावदा दोनदा आहे म्हणून, ती एक ओळ फाइलमधून उडवून टाकली. मग गुपचूप गेलं सगळं.

कॅर लेंग्थ: एका कुऱ्हाची ६, दुसऱ्याची ७!! हेक्समध्ये दुसऱ्यात मधेच ई२८०८डी असं काहीतरी जास्तीचं आहे. बऱ्हाणपूरचं पण ९ आणि १०.

तापीकाठ:

मग सापडला चोर. ई२८०८डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, न दिसणारं अक्षर. आपला हा जो आडव्या मिशीसारखा र आहे ना, कुऱ्हा, बऱ्हाणपूर, शेतकऱ्याचा यातला, तो युनिकोडमध्ये दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर (नुक्ता असलेला र) आणि त्याला हलन्त. दुसरा जुना रस्ता म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर जॉइनर. दिसायला दोन्ही एकच. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे ची की दाबली की ऱ येतो, म्हणजे पहिला प्रकार. तुमच्याकडे कोण कशावर टाइप करतं ते बघ.

आता कोलेशन. ०९०० एआय सीआय तुलना करताना जॉइनर धरतच नाही आणि नुक्त्याचा फरकही सोडून देतं, म्हणून लॅपटॉपवर दोन्ही कुऱ्हा एकच होते आणि युनिक की दुसऱ्याला आत येऊ देत नव्हती. जनरल सीआय एकेक अक्षर सुटं सुटं तपासतं, त्याच्या हिशोबाने ही दोन वेगळी गावं. युनिक की तिचं काम इमानदारीत करतेय, एक कशाला म्हणायचं ते तू नोटपॅडमध्ये बदललंस.

सावद्याचं बरोबर उलटं झालं. ०९०० वाली कोलेशन शेवटची स्पेस मोजतात, जनरल सीआय मोजत नाही. लॅपटॉपवर 'सावदा' आणि स्पेसवालं 'सावदा ' अशी दोन गावं सुखात नांदत होती, ऑफिसात ती एक झाली म्हणून १०६२ आली. म्हणजे शेवभाजीभाऊंचं ट्रिम अगदीच चुकीचं नव्हतं, फक्त गाव चुकलं.

आणि जी ओळ उडवलीस तिच्या आयडीवर कुणी शेतकरी होते का? डम्प चढताना फॉरेन की चेक (शेतकऱ्याचं गाव खरंच यादीत आहे का ही तपासणी) बंद असतो, त्यामुळे कुणी ओरडलं नसणार. शेतकरी टेबलाला गाव टेबल लेफ्ट जॉइन करून (म्हणजे गाव नसलेले शेतकरीही दिसतील) जिथे गाव नल, म्हणजे रिकामं येतंय ते काढ. तुझे १८६ क्विंटल तिथे असतील असं मला वाटतंय.

शेवभाजी_धुळे:

बघा, मी आधीच म्हटलं होतं स्पेस आहे 😄

केळीवाला_भाचा:

दादा पाया पडतो. तीन शेतकरी निघाले, गावच नाही त्यांना, आणि तिघांची बेरीज बरोबर १८६. रिपोर्टमध्ये साधा जॉइन होता, तो गाव सापडलं तरच शेतकरी दाखवतो, म्हणून ते गायबच होते. त्यातला एक तर मामांचा चुलतभाऊ, दोन महिने पट्टी निघाली नाही आणि तो माणूस लाजेने बोलला पण नाही, नातेवाइकाला पैसे कसे मागायचे म्हणून.

टायपिंगचं पण कळलं. गावांची यादी मी जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने युनिकोड केली होती, ती सगळी जॉइनरवाली. ऑफिसातले काका इनस्क्रिप्टवर टाकतात, तलाठ्याकडे काम केलेला माणूस, त्यांचा ऱ एकदम शुद्ध. मला वाटत होतं काकाच चुकतात.

आता मारियाडीबीला दुसरं एखादं कोलेशन लावू का ज्याने दोन्ही एक होतील?

तापीकाठ:

फक्त कोलेशनवर विसंबू नको. तुझ्या सर्चमध्ये लाइक (नावाचा तुकडा जुळवून शोधणारं) असेल, आणि लाइक एकेक अक्षर जुळवत जातं, तिथे लॅपटॉपवर पण जॉइनरवालं नाव सुटलं असतं. त्यापेक्षा नाव आत येतानाच एका रूपात आण. पीएचपीत सेव्ह करायच्या आधी र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त कर आणि ट्रिम मार. सर्चमध्ये टाकलेल्या शब्दालाही तेच लाव, नाहीतर परत इथे येशील.

जुन्या डेटाला आधी बॅकअप. मग त्या तिघांना सावद्याचा आयडी दे, नंतर १२ वाल्या कुऱ्हाचे शेतकरी ३१ वाल्यावर ने, रिकामं झालेलं गाव उडव, आणि सगळ्यात शेवटी जुन्या नावांवर तोच र चा रिप्लेस चालव. रिप्लेस आधी चालवलंस तर युनिक की आडवी येईल, आणि या वेळी तिचं ऐक, ओळ उडवू नको. भावाचं टेबल नावावर जोडलंयस ते पण आयडीवर ने.

केळीवाला_भाचा:

झालं सगळं. कुऱ्हा एक, शेतकरी ४३, बेरीज जुळली, बऱ्हाणपूरचे भाव पण लागले. चुलतमामांची पट्टी आज काढली, मामा स्वतः घेऊन गेले. त्यांना कोलेशन म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं, शेवटी म्हणे ते राहू दे, तू तुझा लॅपटॉपच इथे आणून ठेव.