मुंबईत नाटकं बघायला येतोय, सीट कुठल्या घेऊ?

नागपूरहून आईबाबांना घेऊन खास नाटकं बघायला येतोय, शिवाजी मंदिर आणि पृथ्वी ही दोन नाट्यगृहं नक्की आहेत, बाबांना जरा कमी ऐकू येतं तर पहिलीच रांग घेऊ का?

– पहिली नको हो, मान वर करून बसावं लागतं. चौथी ते सातवी रांग, मधल्या सीट, चेहऱ्यावरचं सगळं दिसतं. पेपरातल्या जाहिराती बघत राहा आणि बुकिंग उघडलं की लगेच घ्या, रविवारच्या प्रयोगाला मधल्या सीट आधी जातात.

– पृथ्वीला सीट नंबर नसतात, जो आधी येईल तो आधी बसेल. जेमतेम दोनशे सीट आणि स्टेजच्या तीन बाजूंना प्रेक्षक, बाबांना छान ऐकू येईल. फक्त लवकर पोचा, तिसऱ्या घंटेनंतर आत सोडत नाहीत.

– मनापासून थँक्स दोघांनाही!