घोटा मुरगळला, सूज गेली, दुखणं राहिलं: तुमचे अनुभव सांगा

फेब्रुवारीत बॅडमिंटन खेळताना स्मॅश मारून खाली आले ती थेट जोडीदाराच्या बुटावर. डावा घोटा आत वळला, कट्‌कन आवाज झाला. एक्स-रेत हाड शाबूत. सहा आठवडे क्रेप बँडेज, पाय उशीवर, सासूबाईंचा आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप. सूज उतरली, मी पुन्हा कोर्टवर. तिसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये, नुसती चालताना, तोच पाय परत मुरगळला. आता सप्टेंबर आलाय आणि सकाळी जिना मी कठडा धरून, आडव्या पावलांनी उतरते. डॉक्टर म्हणतात आराम करा. अजून किती? जे यातून गेलेत त्यांनी लिहा.

•

मी कबड्डीवाला, मातीवरचा. चढाईत घोटा पकडला गेला, मी रेषेकडे झेपावलो आणि पाय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी गावातल्या पाय चोळणाऱ्याकडे नेलं. गरम तेल लावून त्याने असा रगडला की संध्याकाळी चप्पलही जाईना. आज पन्नाशीत शेताच्या बांधावरून चालताना पाय दगा देतो. ताई, ताजी सूज कुणाला चोळू देऊ नका.

•

फिजिओथेरपिस्ट आहे, जरा लांबण लावते. पाय आत वळला की बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा, पुढचा लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारा बंध) आधी ताणला जातो. पाऊल कुठल्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणारी चेतातंतूंची टोकं त्यातही असतात. सूज गेली तरी खबर उशिरा पोचते, म्हणून सपाट पार्किंगमध्येही पाय वळतो. हे नुसत्या आरामाने परत येत नाही, पायाला शिकवावं लागतं. भिंतीजवळ एका पायावर 30 सेकंद, जमलं की डोळे मिटून, मग उशीवर. जोडीला टाचा उचलणं आणि रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ढकलणं. दोन्ही पायांचे सेकंद मोजा.

बाकीच्यांसाठी: मुरगळल्यावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड मागच्या कडेला दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढाच. कॅनडातल्या ओटावाचा हा नियम 1992पासूनचा आहे.

•

बूट कोणते? मी वर्षभर रनिंग शूजवर बॅडमिंटन खेळलो. उंच, मऊ सोल. बाजूला झेप घेतली की कलंडलाच.

•

तीन-चार महिने नेमाने व्यायाम करूनही फरक नसेल तर पुढे तपासा. मी फुटबॉलचा गोलकीपर, माझं दुखणं नुसतं लिगामेंटचं नव्हतंच. एक्स-रे दोनदा साफ. एमआरआयमध्ये घोट्याच्या सांध्यातल्या टेलस हाडावरची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत आवरण) उडालेली दिसली. आत खोल दुखायचं, बोट ठेवून दाखवता यायचं नाही, मधूनच सांधा अडकायचा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, मग सहा आठवडे कुबड्या. (कुबड्या घेऊन मुंबईची लोकल, हा वेगळा धागा होईल.)

•

अँकलेट (घोट्याला आधार देणारा पट्टा) घालावा का? आमचे कोच म्हणायचे, पाय आळशी होतो.

•

फिजिओ पुन्हा: खेळताना जरूर घाला, परत मुरगळण्याचा धोका कमी होतो. व्यायाम मात्र सोडायचा नाही.

•

धागा माझाच. काल दात घासताना मोजलं. उजवा पाय, डोळे मिटून: 22 सेकंद. डावा: 3. चौथ्याला बेसिन धरलं, ब्रश खाली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "लेप संपलाय का गं?"

आज 5.