कायद्याला लॉग म्हणजे संगणकाच्या नोंदी हवेत, पण कामगारांच्या वायफायवर नजर ठेवायची का?

टॉवेलवाला:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे २४ माग. मागच्या महिन्यात सकाळी हिशेबाची टॅली उघडली तर सगळ्या फायली बंद, वर खंडणीची चिठ्ठी. अकरा दिवसांपूर्वीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. आता नेटवाला पोरगा म्हणतो, "सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, आदेश आहे मालक, लॉग ठेवावे लागतात. असा राउटर बसवतो की कोण काय बघतंय सगळं दिसंल." जेवणाच्या सुट्टीत बायापोरं त्याच वायफायवर घरी व्हिडिओ कॉल लावतात. मला ते बघायचंच नाही की ओ! कायदा खरंच एवढं मागतो?

लॉगबुक:
नाही. २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. तुमच्याकडं झाली तशी रॅन्समवेअरची (फायली कुलूपबंद करून खंडणी मागायची) घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे. म्हणजे कुठल्या यंत्रावरून, किती वाजता, कुठे जोडणी झाली, असल्या यंत्रणेच्या नोंदी. बोलणं ऐका असं कुठंही नाही. घड्याळं मात्र जुळवून घ्या, तेही त्यात आहे. आमच्याकडं एक कॅमेरा दुसऱ्यापेक्षा सतरा मिनिटं पुढं होता, चोर येण्याआधीच गेलेला दिसत होता.

जुळे_सोलापूरकर:
आज लॉग, उद्या काय? त्याच आदेशात व्हीपीएन (नेटवर ओळख झाकणारी सेवा) विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या (डेटा) कायद्यात मात्र आपल्याला २५० कोटींपर्यंत दंडाचा धाक आणि सरकारी यंत्रणांना नुसत्या अधिसूचनेनं सूट.

निवृत्त_सबस्टेशन:
सूट मलाही पटत नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्य म्हणालं सायबर घातपाताचा संशय, केंद्र म्हणालं माणसाची चूक. असला वाद नोंदींशिवाय मिटतो का? आपल्या एनटीपीसी वीज केंद्राचे १,३२० मेगावॅट आणि यांचे २४ माग एका तागडीत नकोत, हे खरं. (पाण्याच्या यंत्रणेवर हल्ला झाला तर सोलापूरकरांना कळणारही नाही. तसंही ते रोज कुठं येतंय!)

टॉवेलवाला:
कामगारांचं वायफाय ऑफिसपासून वेगळं करतोय. त्यावर फक्त यंत्राचा नंबर आणि वेळ, १८० दिवसांनी पुसायचं. तसा कागद दारावर लावला. माग सांभाळणारा जॉबर म्हणाला, तेलुगूत पण लिहा, नाहीतर अर्ध्या जणींना वाटंल पगार कापायची नोटीस आहे.