मदत हवी आहे: परदेशातून आलेले पैसे वाटेतच कमी होतात

नमस्कार मंडळी, मी नागपुरातल्या महाल भागात राहते. भंडाऱ्याच्या विणकरांकडून टसरचे स्टोल घेऊन अमेरिकेतल्या दोन ग्राहकांना पाठवते. मागच्या महिन्यात ५०० डॉलरचं बिल होतं, खात्यात हिशेब ४७२ चाच आला. मधल्या बँकेनं कापले म्हणे. वरून आपल्या बँकेचा दर बाजारापेक्षा कमी, शिवाय तिचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी! विणकराला मात्र ठरलेली रक्कम पूर्ण द्यावीच लागते, त्याच्या मजुरीत मी काटछाट करणार नाही.

स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून, पैसे पाठवताना सगळं शुल्क पाठवणाऱ्यानं सोसायचा ‘अवर’ पर्याय असतो. तो निवडल्यावर कुणाला पूर्ण रक्कम मिळाली का? डॉलरमध्येच पैसे ठेवायला ईईएफसी खातं छोट्या व्यवसायाला परवडतं का? एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, नीट मिळेल असा मार्ग सांगा, कागदपत्रं मला चोख हवीत.